हॅल ब्लेन आणि चौथी मात्रा : एका तरुण ड्रमरला पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेले ध्वनिमुद्रण, दोन्ही मिळाले. अरेंजरने (कोणी काय वाजवायचे ते लिहून देणाऱ्याने) तुझे फिल, म्हणजे ठेक्यातल्या मोकळ्या जागा भरणारे तुकडे, काढून टाकायला लावले आणि दोन्ही अंतऱ्यांत एकच साधा ठेका वाजवायला सांगितला, याचा तुला राग आला आहे. एवढेच वाजवायचे होते तर इतकी वर्षे हात कशासाठी तयार केला, असे तू विचारतेस. त्याच पत्रात पुढे श्रेयनामावलीत तुझे नाव आले नाही याचीही तक्रार आहे. दोन्ही गाऱ्हाणी रास्त आहेत, पण तू ती एकाच श्वासात मांडली आहेस आणि तिथेच तुझा गोंधळ होतो आहे. पहिल्याचे उत्तर स्टुडिओच्या आत मिळते, दुसऱ्याचे बाहेर, कागदावर. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या कशा ठेवाव्यात, आणि ठेवल्या नाहीत तर काय होते, हे समजून घ्यायला हॅल ब्लेन या अमेरिकन स्टुडिओ ड्रमरच्या कामाइतके चांगले उदाहरण मला सुचत नाही. म्हणून हे पत्र मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

हॅल ब्लेनचे मूळ नाव हॅरल्ड सायमन बेल्स्की. त्याचा जन्म ५ फेब्रुवारी १९२९ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक या गावी, पूर्व युरोपातून अमेरिकेत आलेल्या ज्यू कुटुंबात झाला, आणि ११ मार्च २०१९ रोजी, नव्वदी पूर्ण झाल्यावर, कॅलिफोर्नियात त्याचे निधन झाले. १९६० च्या सुमारापासून पुढची पंधराएक वर्षे लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित झालेले अमेरिकन पॉप संगीत तू डोळे मिटून ऐकलेस, तर त्यातल्या कितीतरी गाण्यांत त्याचाच हात तुला ऐकू येईल. एल्व्हिस प्रिस्ली, फ्रँक आणि नॅन्सी सिनात्रा, बीच बॉइज, सायमन आणि गारफंकेल, ममाज अँड पापाज, फिफ्थ डायमेन्शन, कार्पेंटर्स ही यादी मी इथेच थांबवतो, कारण अशा याद्या वाचून कोणी वाजवायला शिकत नाही. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या सुमारे चाळीस गाण्यांवर त्याचे ड्रम आहेत, आणि १९६६ ते १९७१ या काळात सलग सहा वर्षे ज्या गाण्यांना 'रेकॉर्ड ऑफ द इयर'चे ग्रॅमी मिळाले त्या सहाही गाण्यांवर तोच वाजवत होता.

त्याने एकूण किती ध्वनिमुद्रणे केली, याचा पस्तीस हजार हा आकडा सगळीकडे छापला जातो. तो त्याचा स्वतःचा अंदाज. वादक संघटनेच्या नियमांप्रमाणे एक सत्र तीन तासांचे असे आणि त्यात फार तर चार गाणी होत. दिवसाला तीन सत्रे धरली तर बारा गाणी होतात, वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर तीन हजार, आणि बारा वर्षांचे छत्तीस हजार. म्हणजे कागदावर हिशेब बसतो. मात्र प्रत्येक सत्रात चार गाणी होत नसत. काही निर्माते एका गाण्यावर तीन तास सहज घालवत. तेव्हा जाहिराती, चित्रपट, दूरचित्रवाणी सगळे धरूनच तो आकडा वाचावा. या आकड्यावरून वाद घालणाऱ्यांत तू पडू नकोस. त्याच्या निम्मे काम जरी धरले तरी एक प्रश्न उरतोच : शहरात दुसरे उत्तम ड्रमर असताना निर्माते पुन्हा पुन्हा यालाच का बोलावत होते?

याचे साधे उत्तर असे की, तो समोर ठेवलेले नोटेशन पहिल्याच नजरेत वाचून वाजवू शके. सैन्यातून परतल्यावर १९४९ ते १९५२ या काळात तो शिकागोमध्ये रॉय नॅप यांच्याकडे शिकला. जीन क्रुपासारखा गाजलेला जॅझ ड्रमरही याच गुरूंचा विद्यार्थी. दिवसा हे शिक्षण, आणि रात्रभर तो शिकागोच्या स्ट्रिप क्लबांमध्ये वाजवायचा. त्या कामाला कोणी प्रतिष्ठित म्हणणार नाही, पण तिथे रात्रीतून कितीतरी वेगवेगळे कार्यक्रम होत, प्रत्येक कलावंताचे संगीत वेगळे असे, तालमीला वेळ नसे, आणि कागद पुढ्यात आला की लगेच वाजवावे लागे. पुढे लॉस एंजेलिसमध्ये त्याला ज्या सवयीची रोज गरज पडली, ती त्याला या क्लबांनी लावली.

आपल्याकडेही हेच घडले होते. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांचे एवढे वजन का होते, तर पोर्तुगीज राजवटीत तिथल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना लहानपणीच स्वरलेखन वाचायला शिकवले जात असे. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड हे अरेंजर आणि त्यांच्यासमोर बसलेले कितीतरी व्हायोलिन आणि ट्रम्पेट वाजवणारे त्याच मुशीतून आले. ड्रम आणि तालवाद्यांत कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केरसी व बुर्जोर हे मुंबईचे पारशी कुटुंब, तसेच लेस्ली गोदिन्हो आणि फ्रँको वाझ ही नावे तू ऐकली असशीलच. नसतील तर ती तुझी उणीव आहे आणि ती याच महिन्यात भरून काढ. तुझे वाचन अजून अडखळते, हे तुझ्या ध्वनिमुद्रणात ऐकू येते : दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी तू कागदाची वाट पाहतेस आणि ठेका किंचित मागे रेंगाळतो. रोज अर्धा तास, पूर्वी कधीही न पाहिलेले पान, एकदाच आणि न थांबता वाजवायचे; चुकले तरी मागे जायचे नाही.

पण वाचता येणारे इतरही होते. ब्लेनचे खरे वेगळेपण समजून घ्यायला तू 'बी माय बेबी' ऐक. रॉनेट्स या तरुणींच्या गटाचे १९६३ चे हे गाणे, निर्माता फिल स्पेक्टर, अरेंजर जॅक निट्शे आणि ध्वनिमुद्रणाचे ठिकाण लॉस एंजेलिसचा गोल्ड स्टार स्टुडिओ. त्या स्टुडिओची खोली लहान होती आणि स्पेक्टर तिच्यात एकेका वाद्याच्या दोन-दोन, तीन-तीन जोड्या बसवून सगळ्यांना एकदम वाजवायला लावी. स्टुडिओच्या सिमेंटच्या गिलाव्याच्या प्रतिध्वनी-खोल्या प्रसिद्ध होत्या. त्यांतून फिरून आलेला आवाज इतका दाट होई की वाद्ये वेगवेगळी ओळखू येत नसत. या सगळ्या गर्दीच्या आधी, गाण्याच्या अगदी सुरुवातीला, फक्त ड्रम आहेत. चार मात्रांचे आवर्तन धर : पहिल्या मात्रेवर पायाने वाजवायचा मोठा बेस ड्रम, मग दुसरी मात्रा अर्धी झाल्यावर एक आणि तिसरीवर एक असे लागोपाठ दोन, आणि चौथीवर स्नेअर या तीक्ष्ण आवाजाच्या लहान ड्रमचा कडाडणारा आघात. एवढेच आहे. दुसऱ्या मात्रेवर स्नेअर नाही.

पॉप संगीतात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर मारण्याचा रिवाज तेव्हा पक्का झालेला होता. न्यू ऑर्लिन्सहून लॉस एंजेलिसला आलेल्या अर्ल पामरने पन्नाशीच्या दशकात लिटल रिचर्डसारख्यांच्या गाण्यांवर तो असा काही वाजवला होता की नंतर तो सगळ्यांच्या अंगवळणी पडला. ब्लेन पुढे सांगत असे की त्यालाही दोन्ही मात्रांवरच वाजवायचे होते, पण दुसऱ्या मात्रेचा आघात चुकून राहून गेला आणि मग त्याने तो शेवटपर्यंत गाळला. ही हकीकत खूप आवडीने सांगितली जाते, आणि ऐकणाऱ्यांचा समज असा होतो की हा केवळ योगायोग होता. मला तसे वाटत नाही. आघात चुकणे कोणाच्याही हातून होते. पण आता दुसरी मात्रा रिकामी राहिली आहे आणि त्या रिकामेपणामुळे चौथी मात्रा दुप्पट भरते आहे, हे एका आवर्तनात ऐकणे आणि पुढच्या आवर्तनापासून तेच जाणूनबुजून वाजवणे, हे कानाचे काम आहे. आपल्या तालाच्या विचारात 'खाली', म्हणजे मोकळी सोडलेली मात्रा, किती महत्त्वाची असते हे तुला तबल्याच्या शिक्षणातून ठाऊक आहे. ड्रमच्या सेटसमोर बसलीस की ते तू विसरतेस आणि जिथे जागा दिसेल तिथे टॉम ड्रम वाजवतेस.

आणखी एक गोष्ट. या गाण्यात ब्लेनने सगळी ताकद राखून ठेवली आहे आणि शेवट जवळ आल्यावर, गाणे विरत जात असताना, मोठमोठे फिल वाजवले आहेत. त्याला ते येत नव्हते म्हणून आधी वाजवले नाहीत, असे कोणी म्हणू शकणार नाही. म्हणजे तयार हात कशासाठी, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर त्याच अडीच-पावणेतीन मिनिटांत आहे. बाकीचा काळ तो हात काय न वाजवण्यासाठी वापरला गेला, हे मोजून पाहा.

दुसरे उदाहरण ट्रम्पेटवादक हर्ब अल्पर्टच्या 'अ टेस्ट ऑफ हनी'चे, १९६५ चे. या वाद्यरचनेची सुरुवात मुक्त, संथ लयीत होते आणि नंतर सगळ्यांनी एकदम जलद लयीत यायचे असते. ध्वनिमुद्रणात ते जमेना. कोणी आधी येई, कोणी मागाहून. तेव्हा ब्लेनने फक्त इशारा म्हणून, सगळ्यांना लय कळावी एवढ्यासाठी, बेस ड्रमवर सरळ चार ठोके दिले. तो इशाराच ऐकायला इतका चांगला वाटला की अंतिम ध्वनिमुद्रणात तो तसाच ठेवण्यात आला आणि आज लोक ती रचना त्या ठोक्यांवरून ओळखतात. ब्लेन तिथे स्वतःसाठी जागा शोधत नव्हता. खोलीतल्या इतरांची अडचण सोडवत होता. ध्वनिमुद्रणात ड्रमरकडे लयीची जबाबदारी असते, असे आपण सहज म्हणतो. ती जबाबदारी नेमकी कशी दिसते, ते इथे दिसते. तुझ्या कामात आता कानात लय मोजणारा क्लिक असतो आणि बाकीचे वादक बहुधा दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या खोलीत वाजवतात, त्यामुळे ही जबाबदारी संपली असे तुला वाटत असेल. उलट ती वाढली आहे, कारण नंतर येणारा बास गिटार वाजवणारा क्लिकवर नव्हे, तुझ्या बेस ड्रमवर विसंबून वाजवणार असतो.

तिसरे उदाहरण आवाजाचे. 'द बॉक्सर' या सायमन आणि गारफंकेलच्या गाण्यात शब्दांऐवजी केवळ अक्षरे असलेल्या ध्रुवपदात एक प्रचंड आघात पुन्हा पुन्हा येतो. न्यू यॉर्कमधल्या कोलंबिया या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या इमारतीत ब्लेनचे ड्रम एका मार्गिकेत, लिफ्टच्या दारासमोर मांडले होते, आणि लिफ्टच्या उभ्या पोकळीत घुमून तो आवाज इतका मोठा झाला. वाजवण्याच्या ऐन क्षणी लिफ्टचे दार उघडले आणि आतला म्हातारा पहारेकरी दचकला, हा किस्सा ब्लेन रंगवून सांगे. तो विनोदी माणूस होता आणि किस्सा सांगताना हात आखडता घेत नसे, हे लक्षात ठेवून तो ऐकावा. 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर'मध्ये, शेवटच्या कडव्यात, त्याने बर्फात मोटारीच्या चाकांना लावतात त्या साखळ्या जमिनीवर आपटून हवा तो आवाज काढला. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांनी काचेचा पेला आणि चमचा यांचा नाद 'चुरा लिया है'च्या प्रारंभी वापरला, तो १९७३ सालचा. दोन्हीकडे वृत्ती एकच आहे. गाण्याला जो आवाज हवा तो माझ्या पेटीतल्या वाद्यांत नसेल तर तो बाहेर शोधायचा. पण हेही बघ की त्या साखळ्या संपूर्ण गाण्यात वाजत नाहीत. पहिली दोन कडवी पियानोवर चालतात आणि ब्लेन बसून राहतो. पियानो लॅरी नेक्टेलचा आहे, बास जो ऑस्बर्नचा. तेही दोघे त्याच लॉस एंजेलिसच्या वादकवर्गातले, आणि त्यांचीही नावे ऐकणाऱ्याला सहसा ठाऊक नसतात.

बीच बॉइजच्या 'वुडन्ट इट बी नाइस'चाही उल्लेख करतो, कारण तिथे सगळे काम एका आघाताचे आहे. गोड, खेळकर गिटारची सुरुवात होते, आणि एक भरघोस ठोका पडतो. तो पडला की गाणे सुरू होते. ब्रायन विल्सनसारख्या रचनाकाराला असा ठोका नेमक्या क्षणी आणि नेमक्या वजनाने देणारा ड्रमर हवा होता, म्हणूनच बँडमध्ये त्याचा सख्खा भाऊ डेनिस ड्रमर असूनही १९६५-६६ च्या ध्वनिमुद्रणांत बहुतेक वेळा ब्लेन बसला.

इथून आपण तुझ्या दुसऱ्या तक्रारीकडे येतो.

त्या काळी पॉप बँडच्या तबकडीवर बँडचे छायाचित्र असे, आणि आत वाजवणारे अनेकदा दुसरेच असत. बर्ड्स या बँडच्या 'मिस्टर टॅम्बरीन मॅन'वर १९६५ साली बँडपैकी फक्त रॉजर मॅग्विनने वाद्य वाजवले. ड्रम ब्लेनचे होते. याला फसवणूक म्हणावे का? ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर थोडीशी होतीच. निर्मात्याच्या बाजूने तो शुद्ध व्यवहार होता : तीन तासांत काम संपले पाहिजे, आणि हे लोक संपवत. मला स्वतःला यातले सर्वांत अवघड उदाहरण कार्पेंटर्स या गटातल्या कॅरन कार्पेंटरचे वाटते. ती आधी ड्रमर होती, नंतर गायिका, आणि चांगली कसलेली ड्रमर होती. तरीही १९७० च्या 'क्लोज टू यू'वर ड्रम ब्लेनचे आहेत. पुढे तिने स्वतःच्या ध्वनिमुद्रणांत पुष्कळ वाजवले, ही गोष्ट खरी. तू मुलगी आहेस आणि ड्रम वाजवतेस, म्हणून हे उदाहरण तुझ्यापासून लपवून ठेवावे असे मला वाटले नाही. ब्लेनचा त्यात दोष नाही. त्याला बोलावले, तो आला आणि गाण्याला शोभेल असे अतिशय मऊ वाजवून गेला. पण प्रत्येक वेळी बोलावलेल्या माणसाच्या खुर्चीवर बसायला कोणीतरी आधीच तयार असते, हे तू त्या खुर्चीत बसताना विसरू नकोस.

याच वादकांच्या गटात कॅरल के नावाची बासवादक होती. आधी ती जॅझ गिटार वाजवत असे, नंतर बासकडे वळली आणि पुरुषांनी भरलेल्या त्या खोल्यांत ती बहुतेक वेळा एकटीच स्त्री असे. या गटाला आज सगळे 'रेकिंग क्रू', म्हणजे मोडतोड करणारी टोळी, म्हणतात. ब्लेनचे म्हणणे असे की, कोट-टाय घालून, ॲशट्रे रिकामे करून शिस्तीत वाजवणारे जुने वादक या जीन्समधल्या पोरांकडे पाहून 'हे धंद्याचे वाटोळे करणार' असे म्हणत, त्यावरून ते नाव पडले. कॅरल केने हे ठामपणे नाकारले. तिच्या मते त्या काळी असे नाव कोणी वापरत नव्हते आणि १९९० मध्ये ब्लेनचे आत्मचरित्र आल्यानंतर ते रूढ झाले. २०२५ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने तिची निवड जाहीर केली तेव्हा तिने तो सन्मान घ्यायला नकार दिला, आणि हे काम एकट्यादुकट्याचे नव्हते, अनेक वादकांचे मिळून होते, असे कारण दिले. नावाच्या वादात मला कॅरलचे म्हणणे अधिक पटते. तरीही ब्लेनने ते नाव लोकांच्या तोंडी बसवले म्हणूनच आज त्या सगळ्यांची आठवण निघते, हेही नाकारता येणार नाही.

नावाबाबत ब्लेन सुरुवातीपासूनच जागरूक होता. त्याच्याकडे एक रबरी शिक्का होता, 'हॅल ब्लेन स्ट्राइक्स अगेन' असा मजकूर असलेला, आणि जिथे जाई तिथे तो नोटेशनच्या कागदांवर आणि स्टुडिओच्या भिंतींवर तो उमटवून येई. लोकांना तो थट्टेचा प्रकार वाटे. मला त्यात हिशेबीपणाही दिसतो : वेष्टनावर नाव छापणार नसाल, तर मी निदान कागदावर तरी उमटवतो. तू शिक्का करून घे असे मी सांगत नाही, पण वही ठेव. तारीख, स्टुडिओ, गाण्याचे तात्पुरते नाव, अरेंजर, किती तास, किती पैसे ठरले, किती मिळाले, आणि ट्रॅक कोणत्या स्वरूपात दिला, हे त्याच दिवशी लिही.

पैशाबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. अमेरिकेत नभोवाणीवर गाणे वाजले की गीतकार-संगीतकाराला मानधन मिळते, वादकाला मिळत नाही, आणि हा नियम आजही तसाच आहे. सत्राचे ठरलेले पैसे मिळाले की पारंपरिक नभोवाणीपुरता तरी विषय संपला. सत्तरच्या दशकात बँड स्वतःच वाजवण्याचा आग्रह धरू लागले. १९८० साली रॉजर लिनचे एलएम-१ हे ड्रम मशीन आले, ज्यात खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज होते, आणि सत्रांची संख्या झपाट्याने घटली. ब्लेनने खूप कमावले होते; पण घटस्फोटात आणि काम आटल्यावर ते गेले, हॉलिवूडमधले मोठे घर गेले, आणि एका काळात त्याने ॲरिझोनामध्ये सुरक्षारक्षकाची नोकरी केली. चाळीस पहिल्या क्रमांकांचा धनी पहारा करत होता. नंतर सन्मान आले : २००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने साथीदार वादकांसाठी प्रथमच वेगळा वर्ग केला तेव्हा त्यात तो होता, अर्ल पामर होता, बासवादक जेम्स जेमरसन होता, २०१८ मध्ये ग्रॅमीचा जीवनगौरवही मिळाला. पामरची गोष्ट मला या बाबतीत जास्त शिकवणारी वाटते. तो लॉस एंजेलिसच्या वादक संघटनेच्या कामात उतरला आणि तिचा कोषाध्यक्षही झाला.

भारतात २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचा रॉयल्टीचा हक्क आला आहे. पण त्याच कायद्यातल्या 'सादरकर्ता' या व्याख्येला एक परंतुक आहे. चित्रपटातला ज्याचा सहभाग प्रासंगिक किंवा आनुषंगिक आहे आणि या व्यवसायाच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत कुठेही येत नाही, त्याला, आपल्या सादरीकरणाचा विपर्यास रोखण्याचा हक्क सोडला तर, सादरकर्ता मानले जात नाही. हे परंतुक प्रामुख्याने गर्दीत उभ्या राहणाऱ्यांसाठी असावे असे वाचताना वाटते. तरी यातून एक गोष्ट कळते, की नामावलीतले नाव ही केवळ मानापमानाची बाब नाही. म्हणून गाण्याच्या श्रेयात नाव येईल की नाही हे काम स्वीकारतानाच, लेखी, सौजन्याने विचार. व्हॉट्सॲपवरचा एक ओळीचा होकारही नसण्यापेक्षा बरा. तू गेल्या वेळी हे काम झाल्यावर विचारलेस, आणि तेव्हा उशीर झाला होता.

मात्र ही चर्चा एकदा दाराबाहेर झाली की ती आत नेऊ नकोस. नाव मिळणार नाही म्हणून एखादा फिल जास्त वाजवून स्वतःची खूण ठेवण्याचा मोह तरुण वादकांना होतो, आणि तुझ्या ध्वनिमुद्रणातले जे फिल काढायला लावले, त्यांतल्या किमान दोघांत मला तोच मोह ऐकू आला. गायिका 'घरी' या शब्दावर हलकेच खाली येते आणि नेमक्या तिथे तू टॉमवरून उतरतेस. अरेंजर कठोर बोलला असेल, पण त्याचा कान बरोबर होता. स्वतःला चमकदार ड्रमर म्हणवण्यापेक्षा चांगला साथीदार म्हणवणे ब्लेनला अधिक आवडे. आपल्याकडच्या साथसंगतीच्या परंपरेत हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ख्यालाला साथ करणारा तबलजी विलंबितात नुसता ठेका धरून बसतो, तेव्हा त्याला येत नाही असे कोणी म्हणत नाही.

आणखी एक सवय त्याच्याकडून घेण्यासारखी आहे. खोलीतले वातावरण तो हलके ठेवी. हसतमुख राहिलात तर टिकाल, तोंड फुगवलेत तर बाहेर जाल, अशा अर्थाचे तो नव्या वादकांना सांगत असे. आजच्या मापाने हा सल्ला थोडा लाचारीचा वाटेल, आणि अन्याय होत असताना हसत राहावे असे मी तुला मुळीच सांगणार नाही. पण एकच गाणे विसाव्यांदा मुद्रित होते आहे, गायकाचा घसा थकला आहे, निर्माता घड्याळाकडे पाहतो आहे, अशा वेळी ड्रमसमोर बसलेल्या माणसाचा चेहरा सगळ्यांना दिसतो. त्या अर्थाने तो सल्ला व्यावहारिक आहे. कामे एकाच वेळी अनेक आली की ब्लेन आपल्याऐवजी दुसऱ्याचे नाव सुचवी. तरुण ड्रमर जिम गॉर्डनला अशीच कामे मिळत गेली. तुझ्याकडेही कधी दोन तारखा एकत्र येतील. तेव्हा आपल्यापेक्षा कमी वाजवणाऱ्याचे नाव सुचवायचे नाही, बरोबरीच्या किंवा सरस माणसाचे सुचवायचे.

पुढच्या आठवड्यात तुझे जे ध्वनिमुद्रण आहे त्याच्या आधी वर लिहिलेली गाणी चांगल्या हेडफोनवर ऐक, प्रत्येक गाणे एकदा केवळ बेस ड्रमसाठी आणि एकदा गायकाच्या श्वासांसाठी. नोटेशन आले की अरेंजरकडून गाण्याचे शब्दही मागवून घे आणि कोणत्या शब्दावर वाजवायचे नाही त्याच्या खुणा पेन्सिलीने कर. कराराचा मसुदा आला, तर सही करण्यापूर्वी मला एकदा पाठव.

तुझा हितचिंतक